पोटखराबा

सातबाऱ्यावर एक रकाना असतो : पोटखराबा.
आमचा माळ त्यात बसवला
तेव्हा मी तलाठ्याला विचारलं होतं,
भाऊसाहेब, पोट नेमकं कुणाचं खराब?
तो हसला. शिक्का मारला.

कुसळ, पवना, मधेच एखादा हिवर,
बोरीची जाळी, वारूळ, पुन्हा कुसळ.
दिवे घाट चढून बस वर आली की
पुण्याची माणसं खिडकीतून बघत म्हणायची,
काहीच नाही इथं.

ते काहीच नाही कसं होतं, सांगते.
चार पावलं चाललं की लुगड्याचा काठ
कुसळांनी टाचून निघायचा.
नाकतोडे पायापुढं लाह्यांसारखे फुटायचे.
ठोंबऱ्यांची मेंढरं दोन रात्री बसायची,
तिसऱ्या दिवशी लेंडी शोधून सापडायची नाही :
शेणकिड्यांनी मागच्या पायांनी लोटत
जमिनीच्या पोटात नेलेली.
खराब पोटात.

आधी आले खड्डेवाले.
दोरी धरून, फक्की मारून,
रांगेत गिरीपुष्पाची रोपं.
उजाड माळ हिरवा करायचाय, मावशी.
भली पोरं होती. मी त्यांना ताक दिलं.
झाडं जगली, खोटं कशाला बोलू.
खाली गवत मेलं, आणि ठोंबरे
पुढच्या साली परस्पर वरच्या वाटेनं गेले.

राहिलेला माळ आम्हीच विकला.
दिरांनी व्यवहार केला, पण सही माझीही आहे,
ठसठशीत : शेवंता रंगनाथ झेंडे.
आता तिथं सिमेंटचे खांब, तारा,
आणि पाटी – निसर्गाच्या कुशीत.

माळाच्या उतारावर आमची सीताफळं.
फुलं येतात, नाही असं नाही,
तीन पाकळ्यांची, जाड, खाली मान घातलेली.
येतात आणि गळतात.
सकाळी झाडाखाली पाय ठेवला की मऊ लागतं.

मग जुईली आली, विद्यापीठातली.
प्लास्टिकचे पेले तिनं कडेपर्यंत जमिनीत पुरले –
थोडे कुसळात, थोडे गिरीपुष्पाखाली, थोडे प्लॉटात.
तिसऱ्या दिवशी मी चष्मा लावून मोजायला बसले.
कुसळातले एकेचाळीस.
झाडांखालचे सहा.
प्लॉटातल्या पेल्यात एक मुंगळा
आणि गुटख्याची पुडी.

ती म्हणाली, सीताफळाचं फूल आधी बाई असतं
आणि मग बाप्या होतं.
एकाच फुलात दोघांची वेळ जमत नाही.
ह्या फुलाचं त्या फुलाला पोचवायला
तिळाएवढा तपकिरी भुंगेरा लागतो.
तो कुठं वाढतो गं?
सडक्या फळात, काकू.

मी गप्प झाले.
सडकं फळ वेचून जाळायचं, बांध साफ ठेवायचा,
फवारा चुकवायचा नाही –
स्वच्छ बागेचं बक्षीस आहे आमच्याकडं,
काचेच्या कपाटात.

आता पहाटे मीच भुंगेरा होते.
कानातला मळ काढावा इतक्या हलक्या हातानं
उमललेल्या फुलातला पराग डबीत घेते,
दुसऱ्या फुलात ब्रश फिरवते.
सोबत दोन बाया, चारशे रुपये रोज.
हौसा म्हणते, वहिनी, किड्याला किती देत होता?

गेल्या बाजाराला सासवडहून
नासके चिकू, पिचलेल्या पपया पोतंभर आणल्या.
बांधाच्या कडेला ओतून ठेवल्या.
घोंगावणाऱ्या माश्या, आंबूस वास.
दीर नाकाला उपरणं लावून ओरडले,
बाग आहे का उकिरडा?
मी म्हटलं, पोटखराबा आहे.
लिहून घ्या.

सहा दिवस झाले. ब्रश अजून सुटलेला नाही.
काल एका फुलाच्या पाकळ्या बोटानं फाकवल्या
तर आत काहीतरी सरकलं.
तपकिरी होतं की माझी सावली, कळलं नाही.
त्या फुलाला मी ब्रश लावला नाही.
फांदीला लाल दोरा बांधला
आणि हौसाला म्हटलं,
हे एक सोड.